न घेतलेलं नाव

वाशीमला येऊन नीताला नऊ दिवस झाले होते, आणि या नऊ दिवसांत तिला एकदाही कुणी नीता म्हणून हाक मारली नव्हती.

वाशीम काही फार मोठं शहर नव्हे. पुण्या-मुंबईकडची माणसं त्याला गावच म्हणतील, खुशाल म्हणोत. पण किन्हीराजापासून आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढं वसलेल्या तीस-पस्तीस घरांच्या तांड्यात जी वाढली आणि बी.ए.ची तीन वर्षं जिनं जीपच्या मागच्या फळीवर अंग चोरून बसत तालुक्याच्या मालेगावला ये-जा केली, तिच्यासाठी ते शहरच होतं. एम.ए.ला नंबर लागला म्हणून ती आली होती. तासिका सुरू व्हायच्या आधी बस्तान बसवायचं होतं. तिनं बादली घेतली, कपड्यांना दोरी बांधली, खिडकीला जुन्या ओढणीचा पडदा केला, डबा लावला. चौकातून डावीकडं वळायचं की उजवीकडं, हे मात्र चार दिवस तिच्या डोक्यात बसलं नाही. विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून रोज एक अख्खा वेढा घालून ती घरी यायची.

खोली रहमतबीच्या माडीवर होती. रहमतबी पासष्टीची, एकटी. नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा. तो गेल्यापासून म्हातारी गाद्यांच्या खोळी शिवत होती आणि माडी फक्त शिकणाऱ्या पोरींना देत होती. पहिल्याच दिवशी तिनं जाड भिंगाचा चष्मा चढवून आधारकार्ड एकेक अक्षर करत वाचलं, रीता उदयसिंग आडे, आणि "अच्छा नाम है" असा शेरा मारून कार्ड परत दिलं. नीतानं मान हलवली. दुसरं काय करणार होती?

मग हाका सुरू झाल्या. रीता, पाणी आलं. रीता, डबेवाला आला. नीताला त्या ऐकू येत, पण आपल्याला आहेत हे लक्षातच येत नसे. चार-पाच हाका वाया गेल्यावर रहमतबीनं मनाशी निदान केलं, की पोरगी कानानं कमी आहे, आणि ते निदान तिनं गल्लीभर वाटलं. त्यानंतर गल्लीतल्या बायका नीताशी ओरडून बोलू लागल्या. दळण आणायला गेली तर गिरणीवालासुद्धा हातवारे करून दाखवायचा. दुसरी कुणी असती तर पोट धरून हसली असती. नीताला हसू येत नव्हतं.

कारण रीता होती. म्हणजे खरोखरीच होती. ती नीताची मोठी बहीण.

उदयसिंग आणि रामीबाई, म्हणजे नीताचे आईबाप, दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगलीकडं जात. सोळा वर्षांपूर्वी जूनमध्ये सहा वर्षांच्या रीताचं नाव तांड्यावरच्या शाळेत घातलं होतं. दिवाळीनंतर तीही आईबापाच्या मागं फडावर गेली. जानेवारीत तिला कोपीत, पाचटाच्या खोपटात, ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. कालव्याच्या कडेला तिला पुरली. महिन्याभरात तोडीची टोळी पुढच्या शिवारात सरकली, आणि ती जागा पुन्हा कुणाला दिसली नाही. नीता तेव्हा चार वर्षांची होती. तिला आठवत होतं ते फक्त उसाच्या पाचटाचं गरम अंथरूण आणि त्यावर शेजारी कुणीतरी असणं.

पुढच्या जूनमध्ये माणिकराव मास्तर पटनोंदणीला तांड्यात आले. माणूस वाईट नव्हता. उलट पोरं शाळेत बसावीत म्हणून दारोदार फिरणारा होता. त्यांनी उदयसिंगला विचारलं, तुझी पोरगी कुठं आहे? उदयसिंगनं अंगणातल्या नीताकडं बोट दाखवलं. मोठी गेली, आता हीच हाय, एवढं तो म्हणाला. नीताचा जन्म फडावरचा. तिचं नाव कुठल्याच दप्तरात नव्हतं, दाखला नव्हता, तारीखही नक्की कुणाला माहीत नव्हती. मास्तरांनी थोडा विचार केला. एका पोरीचं नाव पटावर आहे आणि पोरगी नाही, दुसरी पोरगी आहे आणि नाव नाही. मग ते म्हणाले की कागदाच्या भानगडी कशाला वाढवायच्या, याच नावावर बसू दे. उदयसिंगला ते सोयीचं वाटलं. ऊसतोडीतून आलेल्या माणसाला तहसिलीत खेटे घालण्यापेक्षा काहीही सोयीचंच वाटतं. रामीबाई दारात उभी होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

अशी मेलेली पोरगी पहिलीत पुन्हा बसली आणि पास होत गेली. चौथी, दहावी, बारावी, बी.ए. आधार तिचं, बँकेतलं खातं तिचं, गुणपत्रिका तिच्या. पण तांड्यात नीता नीताच होती. शाळेतली पोरंही तांड्यातलीच, मालेगावच्या जीपमध्येही तीच. रीता फक्त हजेरीत आणि परीक्षेच्या हॉलतिकिटावर यायची आणि वर्ग, पेपर संपला की जायची. इथं वाशीमला तांड्यातलं कुणी नव्हतं, आणि नीताला इथं कुणी ओळखत नव्हतं.

डब्याच्या झाकणावर डबेवाल्यानं लाल रंगानं रीता लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तो डबा उघडताना तिचा हात थांबला. दुसऱ्याच्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटलं. आणि त्याला कारण होतं. दिवाळीत तांड्यातलं प्रत्येक घर निखाऱ्यावर लापशी आणि तूप सोडतं आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतं. त्याला धबुकार म्हणतात. तूप पेटून वर गेलं की तेवढा घास मेलेल्याला पोचतो. उदयसिंगच्या घरी आजा बाबूसिंगचं नाव घेत, आजी सुंदरबाईचं घेत, जन्मून तीन दिवसांत गेलेल्या एका चुलत्याचंसुद्धा घेत. रीताचं नाव कधीच घेतलं नाही. लहानपणी एकदा नीतानं विचारलं होतं, तेव्हा रामीबाईनं हातातली पळी खाली ठेवली आणि उठून घराबाहेर गेली. नीतानं त्याचा अर्थ आपल्या मनानं लावला. याडीसाठी, म्हणजे आईसाठी, रीता मेलेलीच नाही. याडीची रीता शाळेत जाते, आणि नीता म्हणजे तिला रोज पोचवून आणणारी कुणीतरी. म्हणून तर याडी कधी शाळेच्या पायरीवर आली नाही आणि गुणपत्रिकेला तिनं कधी हात लावला नाही. मेलेल्या लेकीचं नाव पांघरून ही हिंडते, याचा तिच्या मनात राग असणार. तेव्हापासून नीता हे धरून बसली होती, आणि आईला पुन्हा विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी तिला हाका कळायला लागल्या. ते जास्त भयंकर होतं. दिवेलागणीला खालून हाक आली, की नीता उठायच्या आधी खोलीच्या कोपऱ्यातून कुणीतरी उठतं, असं तिला वाटे. जिन्यावर आपल्या पुढं छोटी पावलं उतरतात, असं वाटे. ती कठड्याला धरून थांबायची, पुढच्या पावलांना खाली जाऊ द्यायची, मग उतरायची. आरशात तोंड धुताना ती स्वतःशी म्हणून बघायची, मी नीता. आवाज खोटा वाटायचा. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती रीताशी बोलू लागली. तू इथली वाट बघून ठेवलीस का गं, असं. एका सकाळी रहमतबीनं विचारलं, की ऊपर किससे बात करती तू, फोन तर इथं खाली चार्जिंगला लावलाय. नीतानं कपड्यांचं काहीतरी कारण सांगितलं. आपल्याला वेड लागणार, असं तिला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

सोमवारी तासिका सुरू होणार होत्या. शनिवारपर्यंत मूळ कागद देऊन, सही करून प्रवेश पक्का करायचा होता. एम.ए. झालं की पुढं नोकरी, पगार, सगळं त्याच सहीवर. आता सही केली तर जन्मभर आपण रीता. नीतानं बुधवारी मनाचा हिय्या केला आणि कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारलं, की नाव बदलायचं असेल तर काय करावं लागतं.

कारकून शांत माणूस होता. त्यानं प्रतिज्ञापत्र सांगितलं, राजपत्र सांगितलं, काही महिने लागतात म्हणाला. मग सहज विचारलं, लग्नामुळं बदलताय का? नीता नाही म्हणाली. हे नाव माझं नाहीच, माझ्या बहिणीचं आहे, असं तिच्या तोंडून निघून गेलं. कारकुनानं पेन खाली ठेवलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तो हळू आवाजात म्हणाला, की ताई, हे मला बोललात ते बोललात, दुसऱ्या कुणाला बोलू नका. नाव बदलणं वेगळं आणि हे वेगळं. हे उकरलं तर दहावीपासून सगळ्या कागदांवर प्रश्न येईल. तुम्ही शिकलात ते कुणाचं, असं विचारतील.

तिनं घरी फोन केला. उदयसिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि भडकला. पंधरा वर्सं झाली, आता कायले मडं उकरतं, म्हणाला. मास्तर म्हातारपणी गोत्यात येतील, तुझं शिक्षण पाण्यात जाईल, गुमान सही कर. नीतानं विचारलं, याडी काय म्हणते? तिले काय विचारायचं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी रामीबाई दारात उभी राहिली. एकटी आली होती. तांड्यातून किन्हीराजा चालत, तिथून जीप, मालेगावहून एसटी. बसस्थानकापासून खोलीपर्यंत मात्र ती विचारत विचारत सरळ आली होती, एकदाही चुकली नव्हती. कापडी पिशवीत ज्वारीचं पीठ, तिखट, गूळ आणि बरणीत तूप होतं. ती खोलीभर बघत राहिली. पडदा बघितला, दोरी बघितली, पुस्तकांवरून बोट फिरवलं. नीतानं चहा ठेवला. तिला वाटलं, ही आता पदर पसरून म्हणेल, माझ्या रीताचं नाव पुसू नको. आणि मग मी काय बोलू?

रामीबाई चहा पिऊन झाल्यावर बोलली.

"सही करून टाक. नाव बदलू नोको. मी थांबतो अजून दोन वर्सं."

"कायसाठी थांबतं याडी?"

रामीबाई जमिनीकडं बघत सांगू लागली. पहिल्या दिवाळीला ती रीतासाठी तूप घेऊन निखाऱ्याजवळ बसली, तेव्हा उदयसिंगनं तिचा हात धरला. म्हणाला, ते नाव आता जित्या पोरीवर हाय, सरकारात लिवलं हाय. जित्याचं नाव मेलेल्यांत घेतलं तर जितं उरत नाही. तांड्यातल्या म्हाताऱ्याही तेच म्हणाल्या. चौथी झाली की पोरीची शाळा सुटंल, मग घेऊ, असं ठरलं. चौथी झाली आणि मास्तरांनी पाचवीत घातलं. मग दहावी झाली की घेऊ. मग बारावी. मग पंधरावी. दर वर्षी नीता पास व्हायची, तांडा पेढे मागायचा, आणि रामीबाई मनात म्हणायची, आणखी एक साल.

"ते मले सपनात येते," रामीबाई म्हणाली. "सा वर्साचीच हाय अजून. याडी, मले काहून नाई देत, म्हणते. सगळ्याईले देतं, मलेच काहून नाई. मी काय सांगू तिले?"

नीताला कळलं, की कोपऱ्यातलं ते उठणं, ती जिन्यावरची पावलं आपल्या एकटीच्या डोक्यातली नव्हती. ती पोरगी आधी दुसऱ्या एका बाईच्या उशाशी पंधरा वर्षं बसलेली होती. आणि ती बाई शाळेच्या पायरीवर का आली नाही, हेही कळलं. तिथं हजेरीत ते नाव मोठ्यानं घेतात, आणि ते तिला ऐकवणार नव्हतं.

"आज घे तिचं नाव," नीता म्हणाली.

रामीबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. दिवाळी नाही, काही नाही, आणि वेडी झालीस का, तुले काई झालं तं, असं ती पुटपुटत राहिली. नीतानं तो हात काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. कागद काहीही म्हणो, ती म्हणाली, माझं नाव नीता हाय. तू ठेवलं ते. मी उद्या सही करीन, ते सही रीताची राहीन, जन्मभर राहीन, मले मंजूर हाय. पण ते उपाशी काहून राहीन?

खाली रहमतबीच्या ओट्यावर कोळशाची शेगडी धगधगत होती. गॅसवरचा चहा तिला चहाच वाटत नसे. नीता मातीची मोठी पणती घेऊन खाली गेली आणि दोन निखारे मागितले. म्हातारीनं कशाला म्हणून विचारलं. नीता कारण सांगायला तोंड उघडत होती, बनवून सांगणार होती, आणि खरं सांगून बसली. माझ्या मोठ्या बहिणीसाठी पाहिजेत. लहानपणीच गेली. रीता नाव होतं तिचं.

रहमतबीनं चिमटा उचलला. मग तिनं विचारलं, "और तेरा?"

"नीता."

म्हातारीनं आधारकार्डाचा विषय काढला नाही. दोन मागितले होते तर चार चांगले लाल निखारे वेचून तिनं पणतीत घातले आणि म्हणाली, की पानी भी रखना साथ में, बच्ची है, प्यास लगी होगी.

रामीबाईनं तोवर गुळाचं पाणी उकळून त्यात ज्वारीचं भरड पीठ शिजवलं होतं. लापशी गव्हाची करतात, पण होतं त्यात भागवलं. खोलीच्या मधोमध निखारे ठेवले, पेल्यात पाणी ठेवलं. खिडकीतून भर दुपारचं ऊन आत आलं होतं आणि रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता. रामीबाईनं पदर डोक्यावरून घेतला. बाबूसिंगचं नाव घेतलं, सुंदरबाईचं घेतलं, प्रत्येक नावाला घास सोडला. मग थांबली. तिच्या डाव्या हातानं नीताचं मनगट पकडलं होतं, इतकं घट्ट की बांगड्या रुतत होत्या. नीतानं तिला घाई केली नाही. तिला स्वतःलाही भीती वाटत होती, एवढी शिकलेली होती तरी वाटत होती. ती मागं सरकली नाही.

"रीता," रामीबाई म्हणाली. "घे माय. लय उशीर झाला."

तिनं तूप सोडलं आणि जाळ उठला. तो जाळ बघायला ती पंधरा वर्षं थांबली होती. पण तिनं तिकडं बघितलंच नाही. ती नीताकडं बघत होती. नीताच्या तोंडाकडं, छातीकडं, श्वास वर-खाली होतो की नाही याकडं. मनगटावरची तिची बोटं नाडी शोधत होती, आणि डोळ्यांत अशी भीती होती की नीतानं आईला तसं कधी बघितलं नव्हतं. शेजारी पोरगी जेवत होती, आणि आईचं सगळं लक्ष या पोरीत होतं.

तेव्हा नीताच्या ध्यानात आलं, की याडी काही तिच्या आरपार दुसऱ्या पोरीकडं बघत नव्हती. दर दिवाळीला हीच बाई हातात तूप घेऊन दोन लेकींच्या मधे बसत आली होती. एकीला उपाशी ठेवलं होतं, दुसरीला ओरखडासुद्धा येऊ नये म्हणून. पंधरा वेळा निवड केली होती आणि पंधराही वेळा तिनं नीताला निवडलं होतं. नीताला रडू फुटलं. ते आपल्यासाठी आहे की रीतासाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

"याडी," ती म्हणाली, "मी हाय."

निखारे विझून राख झाली, तरी रामीबाईनं तिचं मनगट सोडलं नाही. चारची मालेगावची गाडी गेली, साडेपाचची गेली. नीतानं दुसऱ्या हातानं पेला उचलून तिच्यापुढं धरला, तर ती म्हणाली, की तो तिचा हाय, मले दुसरा दे.